180 रुपयांची डेटा केबल: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कापूस वेचणी ऐन भरात असताना ही केबल बंद पडली, तेव्हाच मी हा अनुभव लिहायला बसलो होतो. पहिला परिच्छेद नुसत्या रागाचा होता. तो खोडून पुन्हा लिहितोय, कारण चूक केबलची निघाली नाही.

आमचं वावर दारव्हा तालुक्यात. पऱ्हाटी आणि तूर. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं जे केलं, ते यवतमाळच्या कास्तकाराला सांगायची गरज नाही. तेव्हापासून मी दर आठवड्याला ठरलेल्या ओळींतली बोंडं फोडून फोटो काढतो आणि लॅपटॉपवर तारखेनुसार ठेवतो. अळी कधी दिसली, फवारा कधी मारला, हे पुढच्या हंगामात उघडून बघतो. व्हॉट्सॲपनं साधा फोटो पाठवला की तो बारीक होतो आणि त्याच्या आतली तारीखही जाते. गावात नेटची रेंज एक कांडी. म्हणून केबल. लाइट गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर काम होतं.

फोनसोबतची केबल मानेपाशी तुटली, म्हणून आठवडी बाजारातून 60 रुपयांची आणली. फोन चार्ज व्हायचा, पण लॅपटॉपवर काहीच उमटत नव्हतं. ड्रायव्हर टाकून पाहिले, फोन रीसेट केला, दोन रविवार गेले. शेवटी जिल्ह्याच्या गावी एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यानं दुसरी केबल लावूनही न बघता सांगितलं, चार्जिंगचा बोर्ड बदलावा लागेल, 1,400 रुपये. पैसे नव्हते म्हणून परत आलो, आणि बरं झालं. घरी पुतण्याची केबल लावली अन् फोन लगेच दिसला.

मग ती 60 रुपयांची केबल ब्लेडनं सोलली. आत दोनच तारा: लाल आणि काळी. त्या फक्त करंटच्या. साध्या यूएसबी केबलमध्ये आणखी दोन लागतात, हिरवी आणि पांढरी, फाइल त्यांच्यातूनच जाते. त्या टाकल्याच नव्हत्या. पाकिटावर मोठ्या अक्षरात 'सुपर फास्ट 3 ए' होतं. तो 3 ए म्हणजे अँपियर, चार्जिंगचा आकडा. फाइलच्या वेगाशी त्याचा संबंध नाही. 'डेटा' हा शब्द नाही, 'फक्त चार्जिंग' असंही नाही. दुकानदाराला विचारलं तर म्हणे, "भाऊ, चार्जिंग होते ना? मग केबल चांगलीच आहे."

"फाइल जात नाही ना जी."

"त्याले डेटा केबल लागते. तुम्ही तसं म्हटलंच नाही."

गिऱ्हाइकानं काहून म्हणावं? खताच्या पोत्यावर नत्र-स्फुरद-पालाश किती ते छापलेलं असतं. इथं एक शब्द छापायला काय जातं? त्या एका शब्दापायी मी 1,400 रुपये घालवणार होतो. बाकी सगळं माफ, हे माफ नाही.

नंतर लॅपटॉप पिशवीत घालून यवतमाळला गेलो आणि दुकानातच लावून, फाइल उतरवून, 180 रुपयांची घेतली. 11 जीबी फोटो-व्हिडिओ साधारण आठ मिनिटांत उतरतात. दुकानदार 450 ची 'थ्री पॉइंट झिरो', म्हणजे जास्त वेगाची यूएसबी 3.0 केबल, दाखवत होता. माझ्या फोनचं पोर्टच यूएसबी 2.0 चं आहे, त्याची कागदावरची मर्यादा सेकंदाला 480 मेगाबिट, म्हणजे 60 मेगाबाइट. महाग केबलनं ती वाढत नाही. टाइप-सी तोंड दिसलं म्हणजे वेग आला, असं नसतं.

पहिले दोन महिने माझी तक्रार फोनबद्दलच होती. दर वेळी लॉक उघडा, वरून पट्टी ओढा, 'फाइल ट्रान्सफर' निवडा. नाही केलं तर फोन चार्जिंगवरच राहतो आणि लॅपटॉपवर फोल्डर रिकामं. वैतागून सेटिंगमधला 'बिल्ड नंबर' सात वेळा दाबला, डेव्हलपर ऑप्शन हा लपलेला मेनू उघडला आणि कायमचं 'फाइल ट्रान्सफर' करून टाकलं. पुढच्याच महिन्यात तालुक्याच्या ऑनलाइन सेंटरवर चार्जिंगसाठी फोन त्यांच्या कॉम्प्युटरला लावला, ओटीपी बघायला लॉक उघडलं, आणि घरचे सगळे फोटो चार माणसांसमोर त्यांच्या पडद्यावर. बायको सोबत होती. त्याच दिवशी सेटिंग पूर्वीसारखं केलं. फोन दर वेळी विचारतो ते बरोबर आहे, माझी तक्रार मागे.

आता वेचणीतली गोष्ट. केबल लावली की फोन दिसे, हात लागला की गायब. त्या दिवशी मी फोटो 'कट' करून 'पेस्ट' करत होतो आणि मधेच जोडणी तुटली. त्या आठवड्याचे काही फोटो ना फोनमध्ये राहिले, ना लॅपटॉपवर पोचले. बोंडं वेचून झालेली, ते फोटो पुन्हा कुठून काढणार? फार जिवाला लागलं. आता आधी कॉपी, मग दोन्हीकडची संख्या जुळवणं, दोन-चार फोटो उघडून बघणं, तेव्हाच फोनमधून डिलीट.

केबल फेकणारच होतो. टॉर्च मारून फोनचं भोक पाहिलं तर तळाशी कापसाची तूस दाबून बसलेली. वेचणीत फोन शर्टाच्या खिशात असतो, तिथून गेली असणार. फोन बंद करून लाकडी टूथपिकनं हळूहळू काढली. केबल पुन्हा 'टक्' करून बसली. तेव्हापासून एकदाही सुटली नाही.

एक बारीक गोष्ट: उतरवलेल्या फाइलवर 'डेट क्रिएटेड'मध्ये कॉपी केल्याचा दिवस येतो. मी घाबरलो होतो. पण फोटोच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डेट टेकन' खरी तारीखच दाखवतं. फोल्डर मी त्यावरूनच लावतो.

सोललेल्या केबलसारखीच दुसरी 60 रुपयांची घरात होती, ती गोठ्यातल्या बोर्डावर लावलीय, टॉर्च चार्ज करायला. तिच्यावर पांढरी पट्टी चिकटवून 'फक्त चार्जिंग' लिहिलं. 180 च्या केबलवर पेनानं मीच 'डेटा' लिहून घेतलं.