धा म्हटलं की धा ऐकू यायला हवा: कंपनीचा स्टिरिओ न बदलता १३,७५० रुपयांत बसवलेला बेस

मी मिरजेत एका भजनी मंडळात पखवाज वाजवतो. पखवाजावर 'धा' निघतो तो दोन हातांनी. उजव्या पुडीवर 'ता' आणि त्याच क्षणी डाव्या बाजूला, जिथं आम्ही कणकेचा गोळा लावतो तिथं, खालची घुमक. ती घुमक काढून घेतली की उरतो नुसता 'ता'. माझ्या गाडीत दोन वर्षं हेच होत होतं. मंडळाची रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर टाकून लावली की टाळ खणखणीत, पेटी ठीक, आणि पखवाजाचा डावा हात जणू घरी राहिलेला. हेडफोन लावून तेच ऐकलं की सगळं जागेवर. म्हणजे रेकॉर्डिंगचा दोष नव्हता.

गाडी २०२२ची वॅगनआर, सीएनजी. आधीच सांगतो, कारण डिकीत सिलिंडर आहे. बेस ट्यूब किंवा मोठा बॉक्स ठेवायला तिथं जागाच नाही. शिवाय मला कंपनीचा स्टिरिओ काढायचा नव्हता, वायर कापायची नव्हती आणि १५,००० च्या वर जायचं नव्हतं. एवढ्यात बसणारी वस्तू एकच: सीटखाली सरकवायचा चपटा सबवूफर, म्हणजे फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर, ज्याच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर असतो. आज तो बसवून पाच महिने झाले. पंढरपूरच्या पाच वाऱ्या त्याच्यासोबत झाल्या, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

पहिल्यांदा ज्या दुकानात गेलो तिथल्या माणसानं गाणं न ऐकताच सांगितलं की स्टिरिओ बदला, चारही स्पीकर बदला, ३५,००० धरून चाला. मी विचारलं, स्टिरिओ का बदलायचा? तर म्हणाला, कंपनीच्या स्टिरिओत दम नसतो. अर्धं खरं आहे ते. बाहेरून मिळणाऱ्या स्टिरिओच्या खोक्यावर '५० गुणिले ४' वॅट छापलेलं असतं, पण गाडीच्या बॅटरीवर थेट चालणारी आतली चिप एका स्पीकरला सलग १८ ते २० वॅटच देऊ शकते, मग नाव कुठलंही असो. म्हणजे १०,००० घालून नवा स्टिरिओ घेतला असता तरी दारातल्या स्पीकरना ताकद जवळपास तेवढीच मिळाली असती. बेसला लागते ती वेगळी ताकद आणि मोठा पडदा. ती सबवूफर स्वतःची स्वतः आणतो.

माझं काम शेवटी सांगलीच्या एका गॅरेजवाल्या पोरानं केलं. वय असेल पंचवीस. मी पेनड्राइव्ह दिला. त्यानं अभंग पूर्ण ऐकला, मध्येच बोलला नाही. मग दाराच्या पॅडवर तळहात टेकवून म्हणाला, "काका, सबवूफर नंतर. आधी दार बंद करू." मला वाटलं दार उघडं राहिलंय. त्याचं म्हणणं वेगळं होतं, आणि या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट तीच.

स्पीकरचा पडदा पुढे ढकलला की समोर हवा दाबली जाते आणि मागे त्याच वेळी विरळ होते. मागची हवा पुढच्या हवेला जाऊन मिळाली की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात, आणि खालचे सूर सर्वांत आधी जातात. दाराचं पॅड काढल्यावर आत पत्र्याला हात जाईल एवढी भोकं दिसतात, वर फक्त पातळ प्लास्टिकचा कागद. पखवाजाच्या खोडाला मध्ये भोक पाडून वाजवलं तर कसा वाजेल? तसंच हे दार. त्यानं थिनरनं पत्रा पुसला, बाहेरच्या पत्र्याला आतून ब्युटाइलच्या (चिकट रबराच्या) शीट रोलरनं दाबून चिकटवल्या, मोठी भोकं शीटनं झाकली आणि स्पीकरच्या कडेला फोमची रिंग लावली, म्हणजे आवाज पॅडच्या पोकळीत न फिरता जाळीतून बाहेर येईल. दाराच्या तळाशी पाणी जायची बारीक भोकं असतात, ती मात्र त्यानं बोटानं मोजून मोकळी ठेवली. पावसात काचेवरून ओघळलेलं पाणी तिथूनच जातं. ती बुजली तर दार आतून गंजतं.

पुढच्या दोन दारांचं सामान २,२०० रुपयांचं. एवढं झाल्यावर त्यानं तोच अभंग लावला. डावा हात अजून पूर्ण आलेला नव्हता, पण दारातून तो आहे हे कळू लागलं. दार लावल्याचा आवाजसुद्धा बदलला, पत्र्याचा 'टण' जाऊन 'धप' झाला. ज्यांचं बजेट तीन हजारांच्या आतच आहे त्यांनी एवढंच करून थांबावं. स्टिरिओत बेस +५ करून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. +५ वर छोटा स्पीकर फडफडतो आणि गाण्याचा चिखल होतो.

आता मुख्य वस्तू. ८ इंची, अ‍ॅल्युमिनियमच्या खोक्यातला, ८,९०० रुपये. खोक्यावर १६० वॅट मोठ्या अक्षरांत, आतल्या कागदावर आरएमएस, म्हणजे सलग मिळणारी ताकद, ७५ वॅट. खरेदी करताना आरएमएस बघायचा, मोठा आकडा क्षणभराचा असतो. उंचीचं आधी मोजून घ्या. मी डाव्या सीटखाली पट्टी घालून मोजलं, सीट पुढे-मागे सरकवून पुन्हा मोजलं, कारण सीट सरकताना खालचा दांडा कुठल्या उंचीवरून जातो ते स्थिर सीटवर कळत नाही. वर दीड सेंटिमीटर मोकळं राहिलं.

अशा सबवूफरला हाय-लेव्हल इनपुट असलं की कंपनीच्या स्टिरिओला वेगळी आरसीए पिन, म्हणजे बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरला गाणं देणारी जागा, लागत नाही. स्पीकरला जाणाऱ्या वायरींतूनच तो गाणं उचलतो आणि तिथं सिग्नल आला की आपोआप चालू होतो. वायर कापायची नसेल तर 'कपलर टू कपलर' मागा. स्टिरिओच्या मागचा कंपनीचा कपलर काढून मध्ये दुसरा जोड द्यायचा, उद्या काढला की गाडी होती तशी. वॉरंटी चालू असलेल्या गाडीत कुणी कटर हातात घेतला तर हात धरा.

वीज मात्र थेट बॅटरीवरूनच. पहिल्या दुकानातला माणूस लायटरच्या सॉकेटवरून वीज घेतो म्हणाला होता, म्हणे ३०० रुपये वाचतील. त्या वायरी छोट्या उपकरणांच्या मापाच्या असतात. पखवाजाच्या एका 'धा'ला सबवूफर जेवढा करंट ओढतो तो त्यांना झेपेलच याची खात्री नसते, वायर तापू शकते. सीएनजीच्या गाडीत मला तापलेली वायर नको. त्यामुळे वायरिंगवर १,४५० खर्च केले, आणि त्यातला एकही रुपया जास्त वाटत नाही. शुद्ध तांब्याची ८ गेजची वायर घेतली. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर त्याच रंगात, त्याच जाडीत, निम्म्या भावात मिळते. टोक ब्लेडनं खरवडून बघा, आत पांढरं दिसलं की परत द्या. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर. फ्यूज सबवूफरला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यातल्या पत्र्यातून) जाताना ती कुठं घासून उघडी पडली आणि बॉडीला टेकली तर बॅटरी सगळा करंट तिथं ओतते. म्हणून फ्यूज बॅटरीजवळ, आणि भोकातून जाताना रबराचा ग्रोमेट.

अर्थिंगला आमचं एकदा चुकलं. रंगावरच बोल्ट आवळला गेला होता. गाडी चालू केली की 'वींऽऽ' असा बारीक आवाज, आणि अ‍ॅक्सिलरेटर दिला की तो वर चढायचा. दुसऱ्या दिवशी परत गेलो. पोरानं कारण न देता बोल्ट काढला, खालचा रंग पॉलिश पेपरनं घासून पत्रा उघडा केला, अर्थची वायर हातभर कमी करून पुन्हा लावली. आवाज गेला तो गेलाच. चूक मान्य करून पैसे न घेता दुरुस्त करणारा माणूस मी लक्षात ठेवतो. फिटिंगचे १,२०० त्यानं घेतले, ते दारांसकट.

जुळवणीला मी तबल्याला बसतो तसा बसलो, घाई न करता. आधी स्टिरिओचा बेस, ट्रेबल सगळं शून्यावर. सबवूफरवरचं बेस बूस्ट बंद. लो-पासचं बटण, म्हणजे किती उंच सुरापर्यंत सबवूफरनं वाजवायचं ते ठरवणारं, १२० हर्ट्झला होतं, तिथं बुवांचा आवाज सीटखालून आल्यासारखा वाटत होता. ८० ला आणलं आणि बुवा पुन्हा समोर जाऊन बसले. मग फेजचं बटण, सबवूफरचा पडदा दारातल्या स्पीकरसोबत हलावा की उलट ते ठरवणारं. ते ० आणि १८० असं दोनच बाजूंना होतं. चालकाच्या सीटवर बसून, मुलाला बटण दाबायला सांगून, डोळे मिटून ऐकलं. १८० वर घुमक भरली, ० वर पोकळ झाली. तुमच्या गाडीत उलटं असू शकेल, कानानंच ठरवा. गेन, म्हणजे सबवूफरचा स्वतःचा आवाज, सर्वांत शेवटी. आवाज वाढवत न्यायचा आणि सबवूफर वेगळा आहे असं जाणवलं की थोडं मागं यायचं. मंडळात चांगला पखवाजी असतो तेव्हा तो दिसत नाही, भजन उभं राहतं. तसं.

मर्यादा आहेत. ८ इंचाचा चपटा पडदा ४० हर्ट्झच्या खाली फारसा जात नाही. डीजेवाल्या गाण्यांत छातीवर बसणारा जो धक्का असतो तो यातून येणार नाही, आणि आवाज अगदी टोकाला नेला तर तो दमतो. पखवाज, डग्गा, संबळ, ढोलकीची धूम यांना मात्र पुरून उरतो. बंद छोट्या केबिनमध्ये खालचे सूर मुळातच वाढतात, म्हणून एवढासा पुरतो. हाच उचलून घराच्या हॉलमध्ये ठेवला तर निराशा होईल.

दुसरी काळजी पाण्याची. २०१९चा पूर बघितलेला माणूस गाडीच्या फरशीवर वीज ठेवताना दोनदा विचार करतो. एसीची नळी तुंबली तर पाणी नेमकं डाव्या पायांशी उतरतं, शिवाय ओल्या छत्र्या. मी त्याखाली दोन रबरी ठोकळे घातलेत आणि पावसाळ्यात आठवड्याला एकदा मॅट उचलून हात फिरवतो. मागची नंबरप्लेट महिनाभर खडखडली, तिच्यामागे फोमची पट्टी लावल्यावर थांबली. डिकीच्या दारातून अजून एक बारीक आवाज येतो, तो शोधायचा आहे.

गेल्या एकादशीला मागच्या सीटवर आमचे वीणेकरी होते, वय ७४. कवठेमहांकाळ मागे पडलं तेव्हा मी एक जुनी रेकॉर्डिंग लावली, कुठली ते सांगितलं नाही. नागज फाट्यापर्यंत ते गप्प होते. मग पुढे वाकून म्हणाले, "हा आपला जुना पखवाज रे. देवळातला, फुटायच्या आधीचा. त्याची धुम अशी खर्जात जायची." मी आवाज तिथंच ठेवला आणि सांगोल्यापर्यंत आम्ही तोच अभंग पुन्हा लावत गेलो.