आठ महिने बॅगेतून फिरवलेला नळाचा फिल्टर : बोअरच्या पाण्यात केसांचं काय झालं

मागच्या मंगळवारी अथणीच्या लॉजवर पहाटे साडेपाचला फिल्टर नळावरून सुटला आणि बादलीत आपटला. डोक्याला शाम्पू लावलेला, नळाचं पाणी भिंतीवर उडतंय आणि मी ओल्या फरशीवर एक रबरी वायसर चाचपडत शोधतेय. तो मोरीच्या जाळीतून कधीच गेला होता. दुपारी कंपनीला फोन केला. उत्तर मिळालं, वायसर झिजणारा भाग आहे, वॉरंटीत येत नाही, सुटा मिळत नाही, २४९ रुपयांचा जोडणीचा पूर्ण संच घ्या.

माझ्या सांगण्यावरून दोघींनी हा फिल्टर घेतला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

माझं काम सौहार्द सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचं. राहते बेळगावच्या शहापूरला, पण महिन्यातले बारा-तेरा दिवस जिल्ह्यात अथणी, रायबाग, चिकोडी, रामदुर्ग, सौंदत्ती असे जातात. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना साध्या बसचं तिकीट शून्य झालं, तेव्हा प्रवासाचा वाचलेला पैसा कुठे जातोय यावर माझं बारीक लक्ष असतं. तो इथे गेला. फिल्टर १,८४९ रुपये, त्यानंतर ६४९ ची दोन कार्ट्रिज.

केस कमरेपर्यंत आहेत. अथणी-रायबागला दोन मुक्काम झाले की मुळाशी चिकट आणि टोकाला काथ्यासारखे व्हायचे, कंगवा अडायचा. डिसेंबरात फिल्टर घेतला आणि पहिले तीन आठवडे घरीच वापरला. फरक खरंच जाणवला. बेळगावला राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, त्याला कधीकधी औषधाचा जो वास येतो तो गेला आणि केस मऊ लागले. त्याच भरात मी मैत्रिणींना "घ्याच" म्हणून सांगून टाकलं.

मग जानेवारीत अथणी. दोनदा न्हाले, दोन्ही वेळा केस पहिल्यासारखेच. वाटलं, नीट बसला नसेल. वायसरवर माझा पहिला संशय तेव्हापासूनचा. लॉजच्या नळांचे आटे झिजलेले असतात, त्यावर हा दोन मिलिमीटरचा वायसर धरत नाही, बाजूने धार लागते. टेफलॉन टेपचे सात-आठ वेढे दिले की बसतो, पण काढताना वायसर टेपला चिकटून बाहेर येतो आणि हरवतो. शिवाय फिल्टर वीतभर लांब. नळाला लावला की खाली बादली जात नाही, तांब्याने झेलत बसायचं. हँडशॉवर असलेली लॉज आमच्या वाटेवर मोजकीच, हे फिल्टर करणाऱ्यांच्या ध्यानातच आलेलं नाही. आठ महिन्यांत तीन वायसर हरवले. रामदुर्गच्या हार्डवेअरवाल्या मामांनी पाच रुपयांत जाड वायसर दिला, तो मूळच्यापेक्षा चांगला टिकला. मग कंपनीला तसा द्यायला काय झालं?

पण मुख्य गोष्ट मला मार्चमध्ये कळली, आणि ती वायसरपेक्षा मोठी आहे. लॉजचं फिल्टरमधून आलेलं पाणी एका बाटलीत आणि न गाळलेलं दुसऱ्या बाटलीत अर्धं-अर्धं भरलं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून हलवलं. दोन्हींत फेस नाही, वर दह्यासारख्या पांढऱ्या गाठी. शाळेत 'दुष्फेन पाणी' पाठ केलं होतं, ते डोळ्यांसमोर आलं. कॅल्शियम-मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका धरतात, ते फिल्टरने जराही कमी केलं नव्हतं.

मग खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली. आत केडीएफ (तांबे-जस्ताचे दाणे), कार्बन आणि कॅल्शियम सल्फाइट. ही तिन्ही क्लोरीनवर काम करणारी. घरी फरक पडला तो शहराच्या पाण्यात क्लोरीन असतं म्हणून. लॉजच्या बोअरला क्लोरीन कोण घालतो? खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरांत 'जड पाण्यासाठी'. याचा मला मनापासून राग आहे.

कंपनीचा फोनवरचा मुलगा म्हणाला, "मॅडम, टीडीएस मोजून बघा." टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. त्याचाही इथे उपयोग नाही. पाणी मृदू करणारं रेझिन कॅल्शियम घेऊन सोडियम सोडतं, त्यात टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो. रेझिनचा छोटा फिल्टर घ्यावा का, असं मनात आलं आणि हिशोब मांडला. एक लिटर रेझिन मिठाने पुन्हा ताजं करेपर्यंत साधारण ५० ते ६० ग्रॅम कठीणपणा (तेच कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार) धरतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ६००. पाणी ६०० चं धरलं तर हातात मावणाऱ्या फिल्टरमधलं वाटीभर रेझिन एका बादलीतच संपेल. म्हणजे रोज रात्री लॉजवर मिठाचं पाणी करत बसा. तोही विचार सोडला.

पाणी गावागणिक किती बदलतं हेही या फिरतीत कळलं. खानापूर-कणकुंबीकडे मलप्रभेच्या उगमाजवळ जांभा दगड आणि धो धो पाऊस, तिथे तेवढाच शाम्पू लावला तर फेस धुऊन निघता निघत नाही. रामदुर्गहून लोकापूर-बागलकोटकडे जा, जमिनीत चुनखडी. तिथल्या लॉजच्या हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बोटाने खरवडून निघतो.

आता ज्याने खरंच काम झालं ते. रायबागला ज्या सहकारी बाईंकडे उतरते, त्या अक्का म्हणाल्या, "अगं, शेवटचं पाणी चांगलं घे की. आधीचं कसलं का असेना." गावागावांत 'शुद्ध कुडियुव नीरु', म्हणजे पिण्याच्या शुद्ध पाण्याची केंद्रं आहेत, पाच रुपयांचं नाणं टाकलं की वीस लिटर. ते आरओचं पाणी, म्हणजे मृदू. मी पाच लिटरचा कॅन नेते. बोअरच्या पाण्यानेच न्हायचं, मग लिटरभर पाण्यात पाव चमचा लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) विरघळवून ते केसांवर ओतायचं, मिनिटभर ठेवायचं, शेवटी दोन-तीन लिटर आरओचं पाणी. लिंबूफुलातलं आम्ल केसांवर बसलेलं कॅल्शियम धरून सोडवतं. डोळे घट्ट मिटा, फार झोंबतं. रंगवलेल्या केसांवर आणि रोज हे करू नका. मी मुक्कामातून एकदाच करते. पहिल्यांदा केस वाळल्यावर कंगवा वरून खालपर्यंत न अडता गेला, तेव्हा मी लॉजच्या खिडकीत बराच वेळ केस विंचरत उभी होते.

एप्रिल-मेमध्ये मात्र मी हे पाणी घेतलं नाही. कृष्णेचं पात्र कोरडं पडलं होतं, कोयनेतून पाणी सोडा म्हणून मागणी चालली होती, केंद्रावर घागरींची रांग. तिथे केसांसाठी कॅन पुढे करायला जीव धजला नाही. त्या दिवसांत अक्कांच्या बंबात पाणी चांगलं उकळून, रात्रभर निवू देऊन वरचं निवळ घेतलं. उकळून कठीणपणाचा एक भाग खाली बसतो, सगळा नाही. तरी बरं झालं.

साबणाबद्दलही सांगते. शिकेकाईची वडी म्हणून जी मिळते ती शेवटी साबणच, बोअरच्या पाण्यात तिच्या गाठीच होतात. खरी शिकेकाई-रिठ्याची पूड भिजवून वापरली तर तसा साका धरत नाही. आजी तेच करायची.

फिल्टर आता घरी न्हाणीघरात लावलाय, रामदुर्गचा वायसर घालून. तिथे तो ठीक आहे, पण पुढचं कार्ट्रिज घेणार नाही. निपाणीच्या मैत्रिणीला काल फोन केला. तिच्याकडेही बोअरच आहे, आणि तिचा फिल्टर अजून खोक्यातून काढलेला नाही. परतीची मुदत दहा दिवसांची, कालचा आठवा होता. आजच परत पाठव म्हटलंय.