गुजरीच्या कसोटीवर शेफील्डचे चमचे

सासरे कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्री चालवत. साठच्या दशकात ते प्रशिक्षणासाठी इंग्लंडमधील शेफील्डला गेले आणि येताना काटे-चमच्यांची एक पेटी घेऊन आले. आमच्या घरात तांबडा-पांढरा रस्सा हातानेच ओरपला जात असल्यामुळे ती पेटी कपाटातच राहिली. यंदा वाटणीच्या निमित्ताने तिचे मूल्य काढायचे ठरले, तेव्हा गुजरी या सराफ बाजारातील एका आतल्या बोळात चांदीचा टंच, म्हणजे शेकडा शुद्धता, काढून देणाऱ्या जुन्या कारागिराकडे मी दोनदा गेले. पारख हा त्यांचा जोडधंदा असून गर्दी नको म्हणून त्यांनी नाव छापू नका असे सांगितले आहे, त्यामुळे ते येथे देत नाही.

त्यांच्याकडे जाण्याआधी दुसऱ्या एका दुकानात मला वाईट अनुभव आला. तेथील मुलाने माझे लक्ष नसताना एका चमच्याच्या दांड्यावर कानस फिरवली आणि वर चमक यावी म्हणून तो बफवर, म्हणजे चकाकी देणाऱ्या फिरत्या चाकावर, धरला. शिक्क्यातील मुकुट अर्धा पुसला गेला. या चमच्यांवर नक्षीकाम नाहीच. सरळ रेषा, सपाट पृष्ठ आणि हातात बसणारा तोल एवढेच त्यांचे सौंदर्य असल्यामुळे ओरखडा लपायला जागा नसते, आणि शिक्का गेला की वस्तूची ओळखही जाते.

गुजरीतील या कारागिरांनी मात्र आधी भिंग काढले. दांड्याच्या मागच्या बाजूला चालता सिंह, मुकुट, एक अक्षर आणि निर्मात्याची आद्याक्षरे अशी ओळ होती. सिंह म्हणजे स्टर्लिंग, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी आणि उरलेले बहुधा तांबे. मुकुट म्हणजे शेफील्डचे तपासणी कार्यालय, जे १७७३ पासून चालू आहे. १९७५ पासून शेफील्डने मुकुटाऐवजी गुलाब वापरायला सुरुवात केली, त्यामुळे मुकुट दिसला म्हणजे वस्तू त्याआधीची हे नक्की, आणि नेमके वर्ष त्या अक्षरावरून तक्त्यात पाहून ठरते. हा भाग मी घरून वाचून गेले होते. त्यांना विलायती शिक्के वाचता येत नाहीत आणि ते तसे मोकळेपणाने सांगतातही.

त्यांचे खरे कौशल्य धातूत आहे. पेटीतील वाढायच्या एका मोठ्या डावेवर ईपीएनएस अशी अक्षरे होती, म्हणजे तांबे, निकेल व जस्ताच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा. गंमत अशी की त्यांच्या मशीनने त्याच डावेचा टंच ९८ च्या वर दाखवला आणि अस्सल स्टर्लिंगचा ९२ च्या आसपास. मशीन फक्त वरचा पातळ थर वाचते आणि मुलामा जवळजवळ शुद्ध चांदीचा असतो, हे त्यांनी मला समजावले. मग त्यांनी ६२ ग्रॅमचा एक शेफील्डचा चमचा दोऱ्याला बांधून वजनकाट्याखाली ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यात सोडला. वजन सहा ग्रॅमने घटले. ६२ भागिले ६ म्हणजे १०.३, आणि स्टर्लिंगची घनता तेवढीच असते. मुलाम्याची डाव याच परीक्षेत पावणेनऊच्या खाली आली. वस्तूला ओरखडा न काढता उत्तर मिळाले, हे मला सर्वांत आवडले. चुंबकावर मात्र विसंबू नये: पेटीत एक स्टीलचा चमचाही निघाला आणि चांदीप्रमाणेच १८/८ (१८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेलच्या) स्टीललाही चुंबक सहसा धरत नाही.

सुऱ्यांच्या बाबतीत पाण्याची परीक्षा चालत नाही. मूठ पोकळ, वर चांदीचा पत्रा, आत भराव आणि पाते स्टीलचे, असा तो प्रकार असतो. अख्खी सुरी वजनकाट्यावर ठेवून चांदीच्या भावाने गुणाकार करणाऱ्यापासून सावध राहावे. यांनी सुऱ्या बाजूला ठेवून वजनातून वगळल्या.

उरले चार लहान चमचे, जे सासऱ्यांनी परतीच्या वाटेवर कोपनहेगनला घेतले होते. त्यांवर ठिपक्यांच्या लंबवर्तुळात जॉर्ज जेन्सनचे नाव आणि स्टर्लिंग, डेन्मार्क असे शब्द आहेत. ही पेढी १९०४ मध्ये सुरू झाली आणि हा ठिपक्यांचा शिक्का १९४५ नंतरचा. घाट डॅनिश रेखाटनकार हेनिंग कोप्पेल यांनी १९५७ मध्ये रेखलेल्या ‘कॅरावेल’ या नमुन्याचा आहे. त्याच वर्षी, त्याच देशात आर्ने याकोबसेन यांचे एजे काटे-चमचे आले. तेही तितकेच नावाजले, पण ते स्टीलचे. म्हणून घाट ओळखीचा वाटला तरी धातू वेगळा तपासावा लागतो. या चार चमच्यांची किंमत चांदीपेक्षा नावाला आणि रेखाटनाला आहे. नेमके येथेच गुजरीची कसोटी थांबते. कारागिरांनी आटणीची घट धरून आकडा काढला आणि स्वतःच म्हणाले, “वहिनी, हा मोडीचा भाव झाला, वस्तूचा नव्हे. हे माझ्याकडे मोडू नका.” ज्याला मोड घेऊन फायदा होणार, त्यानेच हे सांगितले. त्या चमच्यांसाठी लिलावगृहांच्या मागील विक्रीच्या किमती पाहणे हाच मार्ग आहे, आणि तेथे कोरलेली आद्याक्षरे, बोथटलेली काट्यांची टोके किंवा अपुरा संच यांमुळे भाव उतरतो, हे ध्यानात ठेवावे.

उणिवा आहेत. पहिल्या दिवशी मला दोन तास थांबावे लागले, कारण हुपरीहून आलेल्या पैंजणांच्या मालाला आधी पाळी होती. बसायला एकच स्टूल आहे. पावतीवर वजन आणि टंच एवढेच लिहून मिळते. शिक्क्याचे छायाचित्र किंवा वस्तूचे वर्णन नसते, त्यामुळे विमा किंवा वाटणीसाठी तो कागद पुरत नाही. नगाला पन्नास रुपये घेतले, ते मला कमीच वाटले. निघताना त्यांनी चमच्यांना गुंडाळलेले रबर काढून फेकून दिले. त्यातील गंधकामुळे एका दांड्यावर आडवी काळी रेघ उमटली होती. ती त्यांनी खडूची पूड आणि मऊ फडक्याने, बफ न लावता, माझ्यासमोर पुसून दिली.