एकेकटी इमारत की क्लस्टर?

क्लस्टरचं, म्हणजे शेजारशेजारच्या बऱ्याच जुन्या इमारती एकत्र पाडून नव्यानं बांधण्याचं, नाव निघालं की दादरकडच्या सोसायट्यांच्या सभेत आवाज चढतात: पाणी, पार्किंग, ऊन. रास्तच आहे. मुंबईच्या विकास नियमावली २०३४ मधल्या क्लस्टरच्या नियमात, ३३(९) मध्ये, एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते) ४, पुनर्वसनाला लागला तर त्याहूनही जास्त. मुंबई शहरात (उपनगरं सोडून) त्यासाठी किमान ४००० चौरस मीटर जागा हवी.

एकेकटी इमारत पाडली तर शेजाऱ्यांच्या नाकदुऱ्या काढाव्या लागत नाहीत, गर्दीही सहसा कमी वाढते. पण गल्ली तेवढीच अरुंद राहते, प्रत्येक प्लॉटला गाड्यांसाठी वेगळा रॅम्प (आणि फुटपाथ गायब).

क्लस्टरमध्ये रस्ता रुंद करता येतो. भेंडीबाजारच्या साडेसोळा एकरांत तेच योजलंय. मात्र संमती गोळा करणं आणि वर्षानुवर्षं भाड्याच्या घरात राहणं आलंच.

मला क्लस्टर पटतो. फक्त रस्ता आधी आखून द्या, मग सही.