तक्रार टाकावी, की माहिती मागावी?

सरकारी काम अडले की महाराष्ट्रात आता ऑनलाइन मार्ग बरेच आहेत. चुकीचा निवडला, तर महिना-दीड महिना फुकट जातो.

उत्पन्नाचा, जातीचा, अधिवासाचा दाखला अडला असेल तर फार विचार नको. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा त्यासाठीच आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली असते. ती उलटली की विभागातच दोन अपिले, तिसरे राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. पोचपावती तेवढी सांभाळा.

खरा पेच रस्ता, गटार, पाणी यांसारख्या कामांचा. ‘आपले सरकार’ या राज्य शासनाच्या पोर्टलवर तक्रार फुकट नोंदवता येते, टोकन क्रमांक मिळतो, तक्रार कोणाच्या टेबलावर आहे तेही कळते. प्रलंबित तक्रारी वरिष्ठांना दिसतात, म्हणून बंद दिवा, न उचललेला कचरा अशी किरकोळ कामे होऊनही जातात. पण तक्रार फिरून त्याच कार्यालयात येते, आणि ती ‘निकाली’ काढायचे बटणही त्यांच्याच हाती. ‘संबंधितांना कळविण्यात आले आहे’ एवढ्यावर ती बंद झाली, तरी कायद्याने कोणाला दंड होत नाही. (रेल्वे, टपाल अशा केंद्राच्या खात्यांसाठी सीपीग्राम्स हे केंद्राचे तक्रार पोर्टल, तिथे तक्रार निकाली काढायची मुदत २०२४ पासून २१ दिवस.)

माहिती अधिकारात उलटे आहे. १० रुपये शुल्क, एकच विषय, १५० शब्द. उत्तर ३० दिवसांत. विनाकारण टाळाटाळ केल्यास दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० दंड, तोही माहिती अधिकाऱ्याच्या खिशातून. मात्र हाती कागद येतो, रस्ता होत नाही. ‘काम का झाले नाही?’ असे विचारलेत तर अर्ज परत आलाच म्हणून समजा, कारण नोंदीत जे आहे तेवढेच द्यायला ते बांधील आहेत. त्याऐवजी कार्यादेश, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही), अदा केलेली देयके यांच्या प्रती मागा. दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातल्या दोषांची जबाबदारी कंत्राटदारावर असण्याची मुदत, कधी संपतो, तेही त्यात कळेल. तो चालू असेल तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने व्हायला हवी. अधिकाऱ्यांची व्यक्तिगत माहिती मात्र मागत बसू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मधली अशी माहिती नाकारण्याची सूट आणखी रुंद केली आहे. उत्तर आलेच नाही तर ३० दिवसांत पहिले अपील, मग ९० दिवसांत माहिती आयोग. तिथली रांग मोठी आहे.

माझे मत विचाराल, तर काम हवे असेल तेव्हा आधी तक्रार टाका. ती काम न होताच बंद झाली, की त्याच टोकन क्रमांकावर माहिती मागा: कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने, कोणत्या अहवालावरून बंद केली. हा अर्ज गेला की जुनी फाइल पुन्हा उघडण्याची शक्यता बरीच वाढते. पैसे खाल्ल्याचा संशय असेल तर मात्र तक्रारीत वेळ घालवू नका, थेट माहिती मागा.

आपले कार्यालय माहिती अधिकाराच्या ऑनलाइन पोर्टलच्या यादीत सापडले नाही, तर साध्या कागदावर अर्ज लिहा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.