पेलहॅम वन टू थ्री: १९७४ चा की २००९ चा?

पेलहॅम बे पार्कहून दुपारी १ वाजून २३ मिनिटांनी सुटलेली न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे चार बंदूकधारी ताब्यात घेतात आणि खंडणीसाठी शहराला एक तास देतात. १९७४ च्या चित्रपटात मागणी १० लाख डॉलरची, २००९ च्या नव्या आवृत्तीत १ कोटीची.

माझं मत जोसेफ सार्जंटच्या जुन्या चित्रपटाला. रॉबर्ट शॉचा टोळीप्रमुख मिस्टर ब्लू आवाज चढवत नाही, ओलिसांसमोर शांतपणे शब्दकोडं सोडवतो. म्हणूनच त्याची जास्त भीती वाटते. समोर वॉल्टर मॅथाऊचा वैतागलेला पोलीस अधिकारी गार्बर. डेव्हिड शायरचं संगीत तर श्रेयनामावलीपासूनच छातीत धडधड भरतं!

टोनी स्कॉटच्या २००९ च्या आवृत्तीत टोळीप्रमुख झालेला जॉन ट्रव्होल्टा ओरडतो, शिव्या देतो, कॅमेरा क्षणभर ठरत नाही. ते थकवतं. पण डेन्झेल वॉशिंग्टनसाठी हा चित्रपट जरूर पाहा. त्याचा गार्बर पोलीस नाही, लाचेच्या आरोपामुळे खालच्या कामावर बसवलेला रेल्वे कर्मचारी आहे. एका प्रवाशाचा जीव वाचवायला तो मायक्रोफोनवर कबुली देतो, तेव्हा अंगावर काटा येतो. मूळ चित्रपटात असं काही नाही.

१९९८ चा टीव्हीपटही आहे, पण त्याचं चित्रीकरण टोरांटोत झालं आणि न्यूयॉर्क त्यात जाणवत नाही.