भाऊबीजेला काय द्यायचं: पाकीट, साडी, चांदी की सरळ मिक्सर?

वसुबारसेच्या आसपास आमच्याकडे दरवर्षी एक वाक्य येतं, "ताईला काय घ्यायचं गं यावेळी?" नवरा हे फोनमध्ये बघत बघत म्हणतो आणि त्याच्या लेखी विषय तिथेच संपतो. हा प्रश्न नसतोच, काम माझ्या गळ्यात पडल्याची पावती असते ती. ओवाळणी भाऊ घालतो पण निवडते वहिनी, हे सगळ्या बहिणींना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. मला दोन भाऊ आणि नवऱ्याला दोन बहिणी, म्हणजे मी काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभी राहिलेय, त्यामुळे जे घेतलंय आणि जे मिळालंय त्यावरून लिहितेय. बजेट धरू एका बहिणीमागे तीन हजार. तुमचं कमीजास्त असेल तर त्या हिशोबाने बघा.

पाकीट सगळ्यात सोपं. त्याच्यावर एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं असतंच, शगुनाचा आकडा आपोआप होतो. बहिणीला हवं ते घेता येतं, ब्लाऊज शिवायला लागत नाही, बदलायला दुकानात जावं लागत नाही. पण आकडा उघडा पडतो हो. एका वर्षी माझ्या मोठ्या भावाने ५,००१ घातले आणि लगेच मागून धाकट्याने १,००१, तो तेव्हा नुकता नोकरीला लागलेला, आणि आई स्वयंपाकघरातून "किती घातले रे?" असं विचारतेय, मी निरांजन हातात धरून उभी आणि धाकट्याचं तोंड एवढंसं झालेलं. तेव्हापासून दोघं आधी फोन करून आकडा एकच ठरवतात आणि पाकीट बंद राहतं. तुमच्याकडे दोन भावांच्या पगारात फरक असेल तर हे आधीच करा. दुसरं म्हणजे पैसे कुठे गेले ते आठवत नाही. माझे मागच्या-मागच्या वर्षीचे बहुतेक दूधवाल्यात गेले. धाकटा आता बंगळुरूला असतो, तो व्हिडिओ कॉलवर यूपीआय करतो आणि मी फोनला ओवाळते, कुंकू स्क्रीनला लागतं ते वेगळंच.

साडी. यात मी सगळ्यात जास्त पोळलेय म्हणून जरा लांब लिहिते. नणंदेने साडी उघडली की ती "छान आहे" म्हणते की "हो, छान आहे" म्हणते याकडे लक्ष द्या, त्या "हो" मध्ये सगळं येतं. तीन हजाराची साडी दिली की समोरच्यावर आपण खर्चही टाकतो हे कोणी धरत नाही, फॉल-बीडिंग आणि अस्तराचं ब्लाऊज धरून आमच्याकडे सातशे-आठशे सहज जातात आणि शिवून द्यायला टेलर दिवाळीनंतर पंधरा दिवस तरी घेतो, म्हणजे ज्या दिवाळीची साडी त्या दिवाळीत नेसायची नाही. तीन हजारात पैठणी म्हणून जे दाखवतात ते सेमी, म्हणजे यंत्रमागाचं असतं. त्यात वाईट काही नाही, पण मग सेमीच म्हणून द्या, हातमागाची येवल्याची म्हणून नको. पदर उलटा करून बघा, हातमागाच्या खऱ्या पैठणीला मागे सुटे धागे लोंबत नाहीत, नक्षी मागूनही जवळपास तशीच दिसते, आणि सेमीला मागे धाग्यांचं जाळं असतं. हे नणंदेलाही माहीत असतं, तुमच्यादेखत करणार नाही, घरी जाऊन करेल. माझ्या मते या बजेटमध्ये इरकल किंवा साधी चांगली कॉटन जास्त शोभते. आणि बिल बॉक्समध्येच ठेवा, किंमतीचा भाग फाडून. एका दुकानात मी बदलायला गेले तर "दिवाळीचा माल बदलत नाही" म्हणून परत पाठवलं, म्हणजे हे आधी विचारायचं असतं.

सोन्याचा विषय तीन हजारात संपला, २०२५ च्या दिवाळीत एक ग्रॅमच बारा हजारांच्या वर होतं. चांदीनेही त्या दिवाळीत किलोला दीड लाख ओलांडले, तरी दहा ग्रॅमचं नाणं बसत होतं. वर ३ टक्के जीएसटी आणि घडणावळ. आता नाण्याची गंमत अशी की ते वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला पाटावर येतं आणि परत डबीत जातं. भाव वाढला तरी कोणी विकत नाही, भावाने दिलेलं विकायचं कसं, आणि विकायला नेलंच तर सोनार घट धरतो. बँकेतून घेणार असाल तर लक्षात ठेवा, बँका सोन्याची नाणी विकतात पण परत घेत नाहीत. मला चांदी आवडते ती एकाच अटीवर, की दरवर्षी चांदीच द्यायची. एक वर्ष वाटी, एक वर्ष चमचा, असं करत पाच-सहा वर्षांत सेट होतो, आणि "यंदा काय" हा प्रश्नच उरत नाही. ज्या भावाला निवडायचा कंटाळा आहे त्याच्यासाठी हे उत्तम.

मिक्सर, एअर फ्रायर, नॉनस्टिकचा सेट वगैरे न विचारता देऊ नका. एकतर तिच्याकडे असतो, आणि नसेल तर "अजून कामाला लावा मला" असं होतं. पाडव्याला नवऱ्याने बायकोला कुकर देणं याबद्दल मी बोलणार नाही, ज्यांनी दिलाय त्यांना माहितीये. पण विचारून दिलं तर याच्यासारखं काही नाही! मोठ्या नणंदेला घरघंटी हवी होती, गिरणी तिच्या सोसायटीपासून लांब आणि गुडघे दुखतात. तीन हजारात कुठली येते घरघंटी. मग नवऱ्याने आणि दिराने वर्गणी काढली आणि तिला सांगितलं की ही तीन वर्षांची ओवाळणी ॲडव्हान्स, पुढची दोन वर्षं ताटात फक्त सुपारी. ती अजून सांगते सगळ्यांना, पीठ सांडत सांडत दाखवते पण.

ड्रायफ्रूटचा बॉक्स बहिणीला देऊ नका. तो ऑफिसचा आयटम आहे. आमच्याकडे एक बॉक्स आला त्यात खाली तिसऱ्याच आडनावाची चिठ्ठी होती, "सहकुटुंब शुभेच्छा", आणि आम्हीही तो पुढे देणारच होतो. गिफ्ट कार्ड भाचरांना चालतं, मोठ्यांना ते वापरायचं राहून जातं आणि मुदत संपते.

बहीण अमेरिकेत असेल तर गणित वेगळं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली ड्यूटी-माफी काढली, त्यामुळे साडी-चांदी पाठवण्याआधी कुरिअरवाल्याला ड्यूटी कोण भरणार हे स्पष्ट विचारा, नाहीतर ओवाळणी बहिणीलाच भरावी लागते. मी म्हणेन, फराळ पाठवा आणि पैसे तिच्या भारतातल्या खात्यात.

एक टॅक्सची गोष्ट, कारण लोक विचारतात. सख्ख्या भावाने बहिणीला कितीही दिलं तरी तिला त्यावर इन्कम टॅक्स नाही. मामेभाऊ, चुलतभाऊ मात्र कायद्याच्या 'नातेवाईक' व्याख्येत बसत नाहीत, त्यांच्याकडून आणि इतर बाहेरच्यांकडून मिळून वर्षात ५० हजारांच्या वर आलं तर टॅक्स लागतो. एवढे देणारे मामेभाऊ असतील तर नंबर पाठवा.

मग मी स्वतः काय ठरवलं? धाकट्या नणंदेला यंदा पाकीटच, तिला तेच आवडतं, पण नुसतं नाही. माझ्या आईकडे एक स्टीलचा डबा आहे, झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलंय, "मामाकडून, दिवाळी १९९४". नाव कोरलेला असल्यामुळे तो कोणाला पुढे देता आला नाही, तीस वर्षं त्यात चिवडा. मी परवा भांड्यांच्या दुकानात गेले, दोन किलोचा डबा घेतला, त्याच्याकडे ते कोरायचं मशीन अजून आहे, डब्याबरोबर फुकट करून देतो. पाकीट आत, वर चकल्या. "नाव काय टाकू?" त्याने विचारलं. मी नवऱ्याचं सांगितलं. मशीन घर्र करून सुरू झालं, एक ओळ झाली, तो पुसायला लागला तेव्हा म्हटलं थांबा जरा, खाली जागा आहे ना, तिथे "आणि वहिनी" पण घाला.